तळहातावरचा नारळ

वैशाखातल्या दुपारी गंगाखेडहून पालमकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्यावर दूर कुठेतरी पाणी चमकत असते. गाडी पुढे गेली की तेही पुढे सरकते. शाळेत जाणारे पोरही त्याला फसत नाही. त्याच दिवसांत, त्याच रस्त्याला लागून असलेल्या एखाद्या वावरात पाण्याचा वेगळाच शोध चालू असतो. पायातली वहाण काढून, शेंडी राखलेला नारळ तळहातावर आडवा ठेवून पाणाड्या सावकाश चालत असतो. मागे शेतमालक, त्याचा भाऊ, दोन-चार शेजारी. कुणी बोलत नाही. एका जागी नारळ डळमळतो आणि शेंडी वर करून उभा राहतो. तिथे दगड ठेवला जातो, हळदकुंकू वाहिले जाते आणि बोअरच्या गाडीला फोन जातो.

मृगजळाला न फसणारा माणूस नारळावर विश्वास ठेवतो, आणि तो भोळा असतो असे मुळीच नाही. नारळ उभा राहताना त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला असतो. पुष्कळदा स्वतःच्या हातावर घेऊन पाहिलेला असतो आणि आतून काहीतरी ओढ त्याला खरोखर जाणवलेली असते. ‘मला अनुभव आलाय,’ हे त्याचे उत्तर. देवाधर्माविषयी बोलणारा माणूसही शेवटी याच उत्तरापाशी येऊन थांबतो. म्हणून पालमच्या शिवारातला हा प्रश्न केवळ पाण्याचा राहत नाही. अनुभव हे प्रमाण आहे का? असेल, तर नेमके कशाचे?

भारतीय तत्त्वज्ञानात या प्रश्नावर शतकानुशतके वाद झाला आणि त्या वादात मृगजळच साक्षीला आले. गौतमाच्या न्यायसूत्रांत प्रत्यक्षाची व्याख्या करताना एक अट घातली आहे: ते ज्ञान वस्तूला सोडून भरकटणारे नसावे. ही अट कशासाठी, हे सांगताना भाष्यकार वात्स्यायन ग्रीष्मातली किरणे पुढे करतो. जमिनीतून उठणाऱ्या उष्म्यात मिसळून ती थरथरतात, दूर उभ्या असलेल्याच्या डोळ्याला भिडतात आणि त्याला वाटते, पाणी आहे. आजचे पाठ्यपुस्तक हीच गोष्ट अधिक नेमकेपणाने सांगते. तापलेल्या डांबराला लागून असलेली हवा विरळ होते, वरची त्या मानाने दाट राहते. दाट थरातून विरळ थरात येणारा प्रकाश वाकत जातो आणि आकाशातून खाली येणारा किरण रस्त्याला न टेकताच वर वळून डोळ्यात शिरतो. माणूस पाहत असतो ते आकाश. मोबाइलने फोटो काढला, तर फोटोतही ते ‘पाणी’ उमटते. म्हणजे डोळ्याने चूक केलेली नसते, प्रकाशानेही नाही. तो प्रकाश कुठून आला, याविषयी मनाने काढलेला निष्कर्ष तेवढा चुकलेला असतो.

नारळाकडे याच नजरेने पाहायला हवे. नारळ उभा राहतो, हे खरे धरून चालावे. बहुतेक पाणाडी ढोंग करत नसतात, हेही खरे धरावे. प्रश्न एवढाच उरतो की नारळाला उभे करणारे बल येते कुठून?

पाण्यातून, असे म्हटले तर कोणत्या प्रकारचे बल, ते सांगावे लागेल. गुरुत्वाकर्षण असेल तर त्याचा हिशेब करता येतो. जमिनीखाली एक मीटर जाडीचा, दूरवर पसरलेला पाण्याचा सलग थर असला, तर त्याच्या ओढीने वरच्या वस्तूचे वजन दहा कोटींत साधारण चार भागांनी वाढते. सहाशे ग्रॅमच्या नारळासाठी ही वाढ झाली एका ग्रॅमचा चाळीस हजारावा भाग. शिवाय ही ओढ खालच्या दिशेने असते. तिने नारळ तळहातावर अधिक घट्ट बसेल, उभा राहणार नाही. त्यातही पालमच्या जमिनीखाली पाण्याचे सलग तळे नसते. पाणी असते ते बेसाल्टच्या फटींत आणि झिजलेल्या थरांत. घट्ट बेसाल्ट पाण्याच्या जवळजवळ तिप्पट जड. दगडाच्या जागी पाणी आले की त्या ठिकाणची ओढ उलट थोडी कमीच होते. चुंबकीय बलाचे नाव घ्यावे, तर पाण्याला चुंबकाची ओढ नाही. उलट ते अतिशय क्षीणपणे चुंबकापासून दूर ढकलले जाते, आणि नारळाची करवंटीही चुंबकाला दाद देत नाही.

उरतो तो हात. गोलसर वस्तू तळहातावर तोलून धरली की तिचा गुरुत्वमध्य आधाराच्या एवढ्याशा जागेवर सावरलेला असतो. बोटे किंचित उचलली गेली, मनगट केसभर वळले, की तोल गेलाच. काही जण नारळाऐवजी दुबेळक्याची ओली काटकी दोन्ही हातांत ताणून धरतात. ताणलेल्या काटकीत बल साठलेले असते आणि मनगटांच्या इवल्याशा फिरण्याने तिचे टोक एकदम खाली किंवा वर उसळते. काही जण तांब्याच्या काटकोनी तारा घेतात. प्रत्येक साधनाची रचना अशी, की हाताची बारीक हालचाल मोठी होऊन दिसावी. ती हालचाल करणाऱ्याला स्वतःला कळतही नाही. अपेक्षेने नकळत स्नायू हलतात, या गोष्टीचे वर्णन विल्यम कार्पेंटर या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने १८५२ मध्ये केले. ओढ जाणवते ती खरीच असते. फक्त ती जमिनीतून येत नाही, ज्याला जाणवते त्याच्याच दंडातून येते.

हे प्रयोगाने दाखवून देणारा माणूस होता मायकेल फॅरेडे. १८५३ मध्ये लंडनमध्ये टेबलाभोवती बसून आत्म्यांना बोलावण्याचे वेड पसरले होते. सभ्य, प्रामाणिक माणसे टेबलावर हात ठेवून बसत आणि टेबल सरकू लागे. कुणी म्हणे आत्मे, कुणी म्हणे वीज, कुणी म्हणे अजून न सापडलेले नवे बल. फॅरेडेने कुणालाही खोटे ठरवले नाही. हात आणि टेबल यांच्या मध्ये त्याने पुठ्ठ्याचे थर मऊ डिंकासारख्या पदार्थाने हलकेच जोडून ठेवले. टेबल आधी सरकले असते, तर खालचा थर पुढे गेला असता. प्रत्यक्षात वरचे थर पुढे गेलेले आढळले. हात आधी, टेबल नंतर. मग त्याने हाताची बाजूला पडणारी ढकल दाखवणारा एक हलका काटा बसवला. बसलेल्यांना काटा दिसत नव्हता तोवर टेबल हलत राहिले. काटा त्यांच्या नजरेसमोर आला, आपण ढकलतो आहोत हे त्यांना दिसू लागले, आणि टेबल थांबले.

या प्रयोगातली ही शेवटची गोष्ट तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची आहे. त्या माणसांना कुणी दटावले नाही, कुणी त्यांची अक्कल काढली नाही. त्यांच्याच हाताची ढकल त्यांना दाखवली, एवढेच. अंधश्रद्धेविषयी महाराष्ट्रात गेली कित्येक दशके जे बोलले गेले, त्यात हा मार्ग पुरेसा वापरला गेला असे वाटत नाही. टाळ्या मिळवणारे प्रयोग खूप झाले. समोरच्याला स्वतःच्या हातात काटा धरायला देणारे कमी झाले.

फॅरेडेचा आणखी एक पैलू इथे महत्त्वाचा आहे. तो लोहाराचा मुलगा होता आणि सँडेमनियन नावाच्या लहानशा, कडव्या ख्रिस्ती पंथाचा आयुष्यभर निष्ठावान सभासद होता. १८४० मध्ये तो त्या मंडळीचा वडीलही झाला. चुंबक हलवून तारेत वीज निर्माण करणारा, १८४५ मध्ये चुंबकाने प्रकाशाचे कंपनप्रतल फिरवून दाखवणारा हा माणूस बायबलचा शब्द न् शब्द मानत असे. टेबलांच्या प्रयोगानंतर वर्षभराने, ६ मे १८५४ रोजी, रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मनाच्या शिस्तीवर त्याने व्याख्यान दिले. माणूस जे हवेसे असते त्याविषयी स्वतःला सहज फसवतो, हा त्याचा मुख्य मुद्दा होता. त्याच व्याख्यानात त्याने सांगून टाकले की धार्मिक श्रद्धा आणि रोजच्या व्यवहारातला विश्वास यांच्यात तो पूर्ण अंतर मानतो. श्रद्धेला तो या तपासणीखाली आणणार नव्हता.

चुंबकाचा उल्लेख आला तर वैशेषिक सूत्रे रचणाऱ्या कणादाची आठवण काढायलाच हवी. वस्तू खाली पडते ती गुरुत्वामुळे, असे ती सूत्रे सांगतात. सुई चुंबकाकडे का धावते, हे मात्र त्यांना सांगता येईना, तेव्हा त्याचे कारण ‘अदृष्ट’ असे नोंदवले गेले. हा प्रामाणिकपणाच होता. दिसत नसलेल्या कारणाला जागा राखून ठेवली गेली. त्यानंतर दोनेक हजार वर्षांनी फॅरेडेने कागदावर लोखंडाचा कीस पसरला, खाली चुंबक धरला आणि त्या अदृष्टाच्या रेषा डोळ्यांना दाखवल्या. पालमच्या वावरात नारळाला उभा करणारी शक्ती आजही त्या जुन्या रकान्यातच ठेवलेली असते. फरक असा, की कणादाने तो रकाना उत्तर मिळेपर्यंत उघडा ठेवला होता.

आता जमिनीखाली उतरू. पालमचा बहुतेक भाग दख्खनच्या पठाराचा, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर वाहत आलेल्या लाव्ह्याचा. तालुक्याच्या कडेने गोदावरी वाहते, तिच्या पात्रात जांभूळबेट आहे. पावसाळ्यात लेंडी नदीला पूर आला की काही गावांचा पालमशी संपर्क तुटतो. आणि त्याच गावांच्या शिवारात एप्रिलमध्ये बोअर कोरडे पडतात. हा विरोधाभास दगडाच्या घडणीतून आलेला आहे. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि झिजलेला मांजऱ्या थर, त्याखाली काळा पाषाण, मध्येच एखादा तांबडा गेरूचा पट्टा, पुन्हा पाषाण. घट्ट पाषाणात पाणी राहत नाही. ते राहते मुरमात, फटींत, दोन थरांच्या सांध्यात. फट लागली तर दोन इंची पाणी, आणि तिथून वीस फुटांवर नुसता धुरळा. फटींच्या अशा जमिनीत नशिबाची भाषा सुचणे अगदी साहजिक आहे.

याच जमिनीला प्रश्न विचारायची दुसरी रीत आहे आणि तीत विद्युत मंडल वापरतात. लोखंडी सळया एका रेषेत जमिनीत ठोकतात. बाहेरच्या दोन सळयांतून वीज सोडतात, आतल्या दोन सळयांमध्ये किती दाब पडला ते मोजतात. शाळेत ओहमच्या नियमासाठी बॅटरी, तार आणि बल्ब जोडतात ना, इथे तारेच्या मध्ये सगळे वावर जोडलेले असते. वीज काळ्या पाषाणातून नाखुशीने जाते, ओल्या मुरमातून सहज. सळया जितक्या दूर, तितकी वीज खोल उतरते, म्हणून अंतर वाढवत गेले की थरांचा अंदाज येत जातो. १९७२च्या दुष्काळाच्या सुमारास उभी राहिलेली राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा हे काम करते. 

हे यंत्रही चुकते, आणि हे लपवण्यात काही अर्थ नाही. चिकणमाती आणि खारे पाणी वीज सहज जाऊ देतात, त्यामुळे गोड्या पाण्याचा भास होऊ शकतो. सर्वेक्षण करून घेतलेला बोअरही कोरडा जातो. मग नारळाहून ते श्रेष्ठ कशात? आकडा लिहिला जातो, यात. चूक झाली तर ती कुठे झाली हे शोधता येते, पुढच्या वेळी सळयांचे अंतर बदलता येते. नारळाचा बोअर कोरडा गेला तर कारणे हजर असतात: आणखी पन्नास फूट जायला हवे होते, शीर हलली, कुणाचा तरी विटाळ झाला, मालकाच्या नशिबात नव्हते. ज्या म्हणण्याला चुकताच येत नाही, त्याने पाण्याविषयी काही सांगितलेलेच नसते.

पाणाड्याच्या बाजूनेही एक भक्कम म्हणणे आहे आणि ते ऐकायला हवे. वीस-तीस वर्षे शिवारे फिरलेल्या माणसाला ओढ्याचा उतार, झाडांचा हिरवेपणा, वारुळे, शेजारच्या विहिरींची पातळी हे सगळे माहीत असते. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत भूजल शोधण्यावर एक अख्खे प्रकरण आहे. त्यात जांभळाच्या झाडाच्या पूर्वेला वारूळ असेल, तर झाडाच्या दक्षिणेला दोन पुरुष खोलीवर गोडे पाणी लागते, अशा खुणा दिलेल्या आहेत. सगळ्या बरोबर असतील असे नाही, पण झाडाच्या मुळांचा पाण्याशी कार्यकारणाचा संबंध आहे आणि ती खूण कुणालाही तपासून पाहता येते. पाणाड्याच्या डोळ्यांनी टिपलेले असे ज्ञान कदाचित त्याच्या नकळत हातातून बाहेर पडत असेल. तसे असेल तर नारळ बाजूला ठेवून त्याच्या डोळ्यांचे कौतुक करायला हवे. ‘ओ पॉझिटिव्ह’ रक्ताच्याच माणसाला पाणी कळते, हा अलीकडे पसरलेला समज मात्र त्याच्या कष्टाचे ज्ञानही हिरावून घेतो आणि रक्ताच्या गटाला देऊन टाकतो.

हातातून बोलतात ते डोळेच का, ही शंका तपासण्याचा मार्ग म्हणजे डोळ्यांना काही दिसू न देणे. १९८७-८८ मध्ये जर्मनीत म्युनिकजवळच्या एका कोठारात असा प्रयोग झाला. तळमजल्यावर पाण्याचा पाइप गाड्यावर ठेवून जागा बदलत होते आणि वरच्या मजल्यावरचे पाणाडी त्याची जागा ओळखत होते. सुमारे ५०० जणांतून निवडलेल्या ४३ जणांनी मिळून ८४३ वेळा प्रयत्न केला. प्रयोग करणाऱ्यांना काही थोड्या जणांत खरी क्षमता दिसली. १९९९ मध्ये जिम एनराइट यांनी तेच आकडे पुन्हा तपासले, आणि योगायोगाने जेवढे जमले असते त्याहून काही जास्त हाती लागलेले नाही, असे दाखवले. पाणाडी जर्मन होते, त्यांच्या हातात नारळ नव्हता, कोठारात हळदकुंकूही नव्हते. फसण्याची रीत मात्र तीच होती.

मग श्रद्धेचे काय? फॅरेडेने श्रद्धा आणि विज्ञान यांच्यामध्ये भिंत घातली. लंडनच्या व्याख्यानगृहात ती टिकली असेल. पालमला ती टिकत नाही, कारण इथे श्रद्धा स्वतः भिंत ओलांडून वावरात येते आणि दोनशे फुटांवर पाणी आहे असे सांगते. त्यामुळे भिंतीपेक्षा एक प्रश्न अधिक कामाचा वाटतो: हा अनुभव कशाची हमी देतो आहे?

गंगाखेड ही जनाबाईची जन्मभूमी. तेराव्या शतकातली ही नामदेवांच्या घरची दासी. दळताना विठ्ठल स्वतः तिच्या जात्यावर बसतो, ही कथा मराठवाड्यात लहानपणीच कानावर पडते. जात्याच्या तळीला घर्षण असते, पाळूला जडत्व असते, खुंट्याला लावलेले बल मोजता येते. पण जनाबाईच्या अनुभवाचा खरेपणा त्या मोजमापावर उभा नाही. कुणी हात न लावता जाते फिरेल, असे ती कुणाला सांगत नाही. तिचे कष्ट हलके झाले, राबणाऱ्या बाईला सोबत मिळाली, ही गोष्ट तिच्याविषयीची आहे आणि तिच्यावाचून दुसऱ्या कुणाला तिची किंमत मोजावी लागत नाही. हा अनुभव न्यायशास्त्राच्या अर्थानेही भरकटत नाही, कारण तो जात्याविषयी काहीच सांगत नाही.

नारळ मात्र दगडाविषयी सांगतो. आणि त्या सांगण्याच्या भरवशावर फुटामागे दर ठरतो, तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडची गाडी रात्रभर घरघरत राहते, केसिंग पाइप उतरतो, सावकाराचा किंवा सोसायटीचा आकडा वाढतो. कोरडा गेलेला बोअर बुजवता येतो, त्याचे कर्ज बुजवता येत नाही. पहिला कोरडा गेला म्हणून दुसरा, दुसरा गेला म्हणून तिसरा, अशी माणसे मराठवाड्यात गावोगाव आहेत. राज्याच्या २००९च्या भूजल कायद्याने ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधने घातली, तरी गाड्या त्याखाली जात राहतात. पदार्थाविषयी केलेल्या विधानाची परीक्षा पदार्थापाशीच व्हायला हवी, हा आग्रह इथे पुस्तकी राहत नाही, तो माणसाच्या घरादाराचा होतो.

पूजेवर कुणाचा आक्षेप असू नये. गाडी लागण्याआधी कापूर लावणे, नारळ फोडणे, ‘पाणी लागू दे’ म्हणून हात जोडणे यात निसर्गाविषयी कुठलेही विधान नाही. ती विनवणी आहे, भीती आहे, कृतज्ञता आहे. श्रद्धेने पाण्याचे काम केल्याचे उदाहरण जवळच आहे. गेल्या शतकात जालन्यातल्या ख्रिस्ती मिशनने दुष्काळी गावांसाठी बोअर घेतले आणि लोखंडी हातपंप बनवला. पुढे देशभर पोहोचलेल्या ‘इंडिया मार्क टू’ हातपंपाच्या आधीच्या पिढीत या जालना पंपाचा आणि सोलापूरच्या पंपाचा समावेश होतो. तहानलेल्यांना पाणी द्यावे, ही ओढ धर्माने दिली. पंपाचा दांडा किती लांब असावा, हे तरफेच्या नियमाने ठरवले.

भूजल यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. तसाच एक तक्ता पालम तालुक्यातल्या ग्रामपंचायतींना आजपासून ठेवता येईल. गट नंबर, बोअरची तारीख, जागा कुणी दाखवली आणि कशाने, नारळाने, काटकीने, यंत्राने की मालकाने मनानेच. किती फुटांवर मुरूम संपला, किती फुटांवर पाणी लागले, मे महिन्यात ते टिकले का. कोरडे गेलेले बोअर तितक्याच काळजीने लिहावे लागतील, कारण लोकांच्या आठवणीत लागलेलेच राहतात. शाळेतल्या दहावीच्या मुलांना फॅरेडेचा पुठ्ठ्याचा प्रयोग एका तासात करता येतो, आणि डोळ्यांवर पट्टी बांधून तेच वावर पुन्हा चालण्यासाठी गावच्या पाणाड्यालाही मानाने बोलावता येईल. पहिल्या फेरीतल्या खुणा आणि दुसऱ्या फेरीतल्या खुणा यांच्यातले अंतर टेपने मोजायचे, आणि तक्त्यात ते त्याच्याच हाताने लिहू द्यायचे.